आधी जरा आवळायचा

देवाने जग निर्माण केलं, ते खिळखिळं होऊ नये म्हणून जागोजागी स्क्रू बसवले, आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने त्यातले निम्मे गंजणार हे लक्षात येताच घाईघाईने आमच्या हिच्या थोरल्या मामांना जन्माला घातलं, अशी माझी पक्की समजूत आहे. घाईघाईने अशासाठी म्हणतो की मामांची बाकीची घडण करताना देवाचं फारसं लक्ष नव्हतं. उंची बेताची, कान अंगापेक्षा एक माप मोठे, आणि आवाज असा की ते कुणाच्या कानात कुजबुजले तरी शेजारच्या वाडीतलं कुत्रं उठून बसे. पण हात मात्र देवाने सवडीने केले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात मामा फिटर होते. बोईसरच्या कुठल्याही कारखान्यात एखादा बोल्ट हट्टाला पेटला, तिथल्या तीन-चार जणांची कोपरं सोलून निघाली, साहेबाने मिस्त्रीला आणि मिस्त्रीने मशीन बनवणाऱ्याला शिव्या घालून झाल्या, की शेवटी कुणीतरी म्हणे, "एडवणच्या मामांना बोलवा." ते खरं तर आमच्या हिचे मामा. पण स्क्रूच्या बाबतीत सगळा तालुका त्यांचा भाचा होता.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती मी हिला बघायला गेलो तेव्हा. मामा माझ्यासमोरच बसले होते. माझी नोकरी काय, पगार काय, पालघरला जागा स्वतःची की भाड्याची, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. ते नुसते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मुलीच्या मामाला आपला चेहरा आवडलेला दिसतो असं वाटून मी जरा सैलावलो, तोच ते उठले आणि त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "डाव्या काडीचा स्क्रू रुसलाय," असं म्हणून ते खिडकीशी उजेडात जाऊन बसले. त्यानंतर मुलगी चहा घेऊन आली, म्हणजे आली असं मला सांगण्यात आलं. मला दिसला तो एक लिंबू रंगाचा ठिपका आणि त्याच्या हातातला एक पांढरा ठिपका. चष्मा परत मिळाला तोवर मुलगी आत गेली होती आणि मी होकार देऊन बसलो होतो. हे मी चारचौघांत रंगवून सांगू लागलो की ही म्हणते, "मला तर तुम्ही स्वच्छ दिसत होता. तरी मी हो म्हटलं. मोठेपणा कुणाचा?" तो चष्मा पुढे नंबर बदलला म्हणून टाकावा लागला, पण त्याची डावी काडी शेवटपर्यंत लोण्यासारखी फिरत होती.

'स्क्रू जाम झाला' असं मामांच्या तोंडून कधी निघालं नाही. दुसरं कुणी म्हटलं तर त्यांना राग येई. "जाम पावाला लावतात," ते म्हणत. "स्क्रू रुसतो." रुसव्याच्या त्यांच्याकडे पायऱ्या होत्या. नुसता गंजून बसलेला तो 'रुसलेला'. एखाद्या धसमुसळ्याने पेचकस घसरवून घसरवून ज्याच्या डोक्यावरची खाच घालवली, तो 'नाक कापलेला'. आणि ज्याचं डोकं तुटून हातात आलं आणि धड आतच राहिलं, तो 'समाधी घेतलेला'. समाधी घेतलेल्या स्क्रूपुढे मामा आधी चप्पल काढत. मग त्याच्यासमोर बसत, चहा मागवत आणि नुसते बघत राहत. आमच्या कचेरीतल्या एका लोखंडी कपाटाच्या कुलपाचा स्क्रू असाच तुटला होता, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने मामांना घेऊन गेलो. अर्धा तास झाला तरी मामा स्टुलावर बसलेलेच. आमच्या साहेबांनी शेवटी विचारलं, "काम कधी सुरू करणार?" मामा म्हणाले, "चालूच हाय." त्यानंतर त्यांनी खिशातल्या बाटलीतून तीन थेंब रॉकेल सोडलं, छोट्या हातोडीने टक टक टक असं तीनदा वाजवलं, कान लावून ऐकलं आणि "उद्या येतो" म्हणून उठले. साहेब म्हणाले, "अहो, फाईल आज हवी आहे!" मामा म्हणाले, "त्याला बसायला बारा वर्सं लागली. उठायला एक दिवस नको?" दुसऱ्या दिवशी तो स्क्रू त्यांनी दोन बोटांनी काढला. फाईल सापडली. ती कधीच सापडू नये अशी साहेबांची मनोमन इच्छा होती हे मला त्यानंतर कळलं, कारण ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मामांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात नेहमी एक मेणबत्ती असे. धातू तापवून त्याला मेणबत्ती टेकवली की मेण पातळ होऊन आट्यांमध्ये झिरपतं आणि गंजाची पकड ढिली होते, हा त्यांचा आवडता उपाय. फक्त मे महिन्यात मेणबत्ती तापवलेल्या धातूची वाट न बघता खिशातच झिरपे. मामींनी त्यांचे तसले चार सदरे बाजूला काढून ठेवले होते. त्यांची घडी करायची गरज नसे, भिंतीला टेकवून उभे ठेवले तरी चालत.

आणि मामांचा सगळा धर्म एका वाक्यात मावत असे: "आदी जरा आवळायचा, मग सोडायचा." रुसलेला स्क्रू समोर आला की आपण काय करतो? लागलीच उलटा फिरवायला बघतो, जोर करतो आणि तोडतो. मामा तो आधी केसभर आवळत. गंजाची खपली तशी फुटते, असं एखादा शास्त्राचा मास्तर सांगेल. मामांचं शास्त्र निराळं होतं. "सोडायला आलेला मानूस बगितला की तो जास्तच घट्ट धरतो," ते सांगत. "जरा आवळला की त्याला वाटतं, हा आपल्याला ठेवायलाच आलाय. मग तो आपनच सैल पडतो." हा उपाय माणसांवरही चालतो असं त्यांचं म्हणणं. मी तो एकदा आमच्या साहेबांवर करून बघितला. चार दिवसांची रजा हवी होती, म्हणून आधी म्हणालो, "साहेब, काम फार साठलंय, मी रविवारीसुद्धा येऊ का?" साहेब म्हणाले, "वा, या की!" मी सलग तीन रविवार कचेरीत गेलो आणि रजा मागायची राहूनच गेली. मामांना सांगितलं तेव्हा ते हळहळले. म्हणाले, "जावईबापू, जरा आवळायचा म्हनालो होतो. तुमी आटेच घालवलेत."

काढलेला स्क्रू मामा टाकत नसत. तो कागदाच्या पुडीत बांधायचा, पुडीवर पेन्सिलीने गावाचं, वस्तूचं आणि सोडवणाऱ्याचं नाव लिहायचं आणि फिरकीच्या झाकणाच्या एका जुन्या डब्यात ती ठेवायची. 'माहीम, शिवणयंत्र, सोडला मी.' 'मनोर, गिरणीचा पट्टा, सोडला मी.' सोडवणाऱ्याचं नाव लिहायची खरं तर गरज नव्हती. ते प्रत्येक पुडीवर एकच असे.

असा हा रुसवे काढणारा माणूस स्वतः मात्र नऊ वर्षं रुसून बसला होता, सख्ख्या धाकट्या भावावर. आणि त्यालाही एक पेचकसच कारण झाला होता.

झालं होतं ते असं. आपण ज्याला पेचकस म्हणतो त्याला बोईसरच्या कारखान्यांत 'डिसमिस' म्हणतात. हा शब्द बहुधा गुजरातेतून आगगाडीत बसून आला आणि बोईसरला उतरला. एडवणला तो पोचलाच नाही. तिथे वाडीतल्या माणसांना डिसमिस म्हणजे नोकरीवरून काढणं, एवढंच ठाऊक. त्या काळी मामा एडवणच्या घरातूनच कामाला जात. एक दिवस ते आपला लाकडी मुठीचा जुना डिसमिस घरीच विसरले, आणि नेमका त्याच दिवशी कारखान्यात एक मोठा पंप अडला. दुसऱ्याच्या हत्याराला मामा हात लावत नसत. त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला सांगितलं की गावच्या पोस्टात फोन कर आणि डिसमिस घरी राहिलाय, कुणाबरोबर तरी पाठवून द्या म्हणून सांग. रखवालदार उत्तरेकडचा. त्याने फोनवर जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं, "फिटर मामा का डिसमिस घर पे है, किसी को भेज दो, जल्दी!" तारेतल्या खरखरीतून पोस्टमास्तरांच्या कानांवर 'फिटर मामा', 'डिसमिस', 'घर' आणि 'जल्दी' एवढेच शब्द आले. त्यांनी आपल्या बुद्धीने त्यांचं वाक्य जुळवलं आणि वळणदार अक्षरात चिठ्ठी पाठवली: 'थोरल्यास डिसमिस केले. कोणीतरी जाऊन घरी घेऊन यावे.'

घरात रडारड झाली. ओटीवर शेजारी जमले. धाकले मामा तेव्हा पानवेलींना पाणी दाखवत होते. त्यांनी हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, राजेळी केळ्यांचा पिकायला ठेवलेला अख्खा घड खांद्यावर घेतला आणि बोईसर गाठलं. सरळ साहेबाच्या खोलीत शिरून त्यांनी घड टेबलावर ठेवला आणि साहेबाचे पाय धरले. "साहेब, दादाच्या हातून काय चुकलं असंल तर पदरात घ्या. तो तोंडानं फटकळ हाय, पन मनानं साफ हाय. वाटलं तर मला मारा, पन त्याला काडू नका." साहेबाला काही कळेना. त्याने मामांना बोलावून घेतलं. मामा तेलकट हात पुसत आले, भावाला बघून त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी विचारलं, "आनलास डिसमिस?" धाकले मामा साहेबाचे पाय न सोडता म्हणाले, "तू काय काळजी करू नको दादा. मी पाया पडलोय. परत घेतील ते तुला."

साहेब हसला तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळा कारखाना हसला आणि संध्याकाळपर्यंत सगळं बोईसर. पुढे कित्येक वर्षं मामा फाटकातून आत शिरले की कुणीतरी हमखास विचारी, "मामा, डिसमिस मिला क्या?" ज्या माणसाशी साहेबसुद्धा 'मामा' म्हणून उभं राहून बोलत, त्याचा भाऊ साहेबाच्या पायांवर लोळलेला सगळ्यांनी बघितला, हे मामांच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन ते भावाला नको ते बोलले. 'येडा' म्हणाले, 'माझी मान खाली घातलीस' म्हणाले. धाकले मामा म्हणाले, "तुझ्यासाठी मी परक्याच्या पाया पडलो, आनि तू मलाच येडा म्हनतोस?" तू माफी माग, नाही तू माग, असं आठवडाभर चाललं. मग मामांनी बोईसरला खोली घेतली आणि मामींसह तिकडे बिऱ्हाड हलवलं. एडवणचं नाव टाकलं. हिला हे फार लागलं होतं, कारण हिचं लहानपण दोघांच्या खांद्यांवर गेलेलं. आमच्या लग्नात अंतरपाट दोघा मामांनी धरला होता. थोरल्यांचं टोक वर गेलेलं, धाकल्यांचं खाली, त्यामुळे मला हिचा एकच डोळा दिसत होता. थोरले मामा भटजींना म्हणाले, "त्यांना सांगा, वर धरा." धाकले मामा भटजींना म्हणाले, "त्यांना सांगा, खाली घ्या." भटजींनी मंगलाष्टकांच्या चालीवरच दोघांचे निरोप पोचवले.

मग सत्त्याऐंशी सालचा मे महिना आला. धाकले मामा एक दिवस भर दुपारी पालघरला माझ्या कचेरीत येऊन उभे राहिले. तोंड पार उतरलेलं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा पंप पाणी ओढेना, म्हणून त्यांनी तो उघडायला घेतला होता. चारपैकी तीन बोल्ट निघाले. चौथ्याला त्यांनी पान्यावर पाइप चढवून ओढलं आणि तो आतल्या आत तुटला. दोन दिवस पानवेलींना पाणी नव्हतं. "आनखी दोन दिवसांत वेल मान टाकंल," ते म्हणाले. "बापाच्या हातची लावन हाय ती. मनोरच्या मिस्त्रीला परवा बोलावलंय, तो ज्योत लावून कापून काडतो म्हनतो. तुमी जरा बगा ना दुसरा कोन मिळतो का." दुसरा कोण हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याचं नाव दोघांनीही घेतलं नाही.

घरी येऊन मी हिला सांगितलं आणि लागलीच बोईसरला निघालो. ही मला दारात अडवून म्हणाली, "मामांना 'चला' म्हणू नका. 'चला' म्हटलंत तर जन्मात येणार नाहीत. नुसतं मनोरच्या मिस्त्रीचं सांगा. आधी आवळा." ही त्यांची भाची शोभते ती अशी.

मनोरचा मिस्त्री हा मामांचा जुना वैरी. हमरस्त्यावर मालमोटारी दुरुस्त करता करता त्याला हातात ज्योत आणि ड्रिल यांखेरीज काही धरता येईनासं झालंय, असं मामांचं मत. मी बोईसरला जाऊन चहा घेतला, हवापाण्याचं बोललो आणि उठता उठता म्हणालो, "एडवणच्या पंपाचा एक बोल्ट तुटलाय म्हणे. मनोरचा मिस्त्री परवा ज्योत लावणार आहे." मामा म्हणाले, "मला काय त्याचं?" मी चपला घातल्या. "कुठला बोल्ट?" मी म्हणालो, डावीकडचा खालचा. मामा एकदम ओरडले, "बिडाचं भांडं हाय ते! बिडाला ज्योत दाखवनार? तडकंल की उभं! नवीन भांडं येईस्तोवर वेलाची काटकी व्हईल!" मामी आतून म्हणाल्या, "तुमाला काय त्याचं?" मामांनी कोपऱ्यातली हत्यारांची पिशवी ओढली आणि आम्हा दोघांना उद्देशून जाहीर केलं, "मी त्याच्याकडं जात नाय. मी बोल्टाकडं जातोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर पोचलो तेव्हा पानवेलींची टोकं वाकू लागली होती. धाकले मामा लांब माडाला टेकून उभे. मामांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी बोल्टापुढे चप्पल काढली, बसले आणि बघत राहिले. थोड्या वेळाने धाकले मामा चहाची कपबशी घेऊन आले आणि ती माझ्या हातात देऊन परत माडाशी गेले. मग रॉकेल झालं, टक टक झालं, बाहेरून मेणबत्ती झाली. हातड्रिलने मामांनी त्या तुटक्या बोल्टाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं. त्यात स्वतः कानशीने घासून केलेला एक चौकोनी, निमुळता पोलादी खुंटा ठोकला आणि खुंट्यावर दोन्ही बाजूंना दांडे असलेली मूठ चढवली. आता दोन्ही दांड्यांवर सारखा जोर पडायला हवा होता. एक बाजू जड झाली तर खुंटा आतच मोडणार. "मग समाधीवर समाधी," मामा म्हणाले. पंचाईत अशी की मामांचं उजवं मनगट एकदा मोडून वाकडं बसलेलं होतं. दोन्ही हातांचा जोर सारखा पडत नव्हता. एक दांडा दुसऱ्या कुणीतरी धरायला हवा होता.

मी धरला. मामांनी मला दोनच मिनिटांत उठवलं. "तुमचा हात कचेरीतला, जावईबापू. शिक्का मारल्यासारका दाबता." मग बराच वेळ ते बोल्टाकडे बघत बसले आणि शेवटी बोल्टालाच सांगावं तसं म्हणाले, "त्यांना सांगा, धरा." मी माडाकडे बघून सांगितलं, "धाकले मामा, धरा." धाकले मामा आले आणि समोर बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच दोघांची डोकी एकमेकांच्या इतकी जवळ आली होती. दोघांचेही कान तेवढेच मोठे आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"त्यांना सांगा, आवळा," थोरले म्हणाले. "धाकले मामा, आवळा," मी म्हणालो. धाकल्यांनी आवळलं, पण तोवर थोरल्यांचं आवळून झालेलं असे. मूठ एकदा इकडे कलली, एकदा तिकडे. "त्यांना सांगा, संगती." "संगती, धाकले मामा." "त्यांना विचारा, संगती म्हंजे कदी?" खुंटा करकरला. तो मोडला तर आधी बोल्ट जाणार, मग वेल जाणार, आणि मग हे दोघे एकमेकांसमोर पुन्हा कधी बसणार नाहीत हे मला स्पष्ट दिसत होतं. एवढ्यात थोरल्या मामांचा संयम सुटला. "अरे आवळ म्हनतो ना!" ते गरजले. धाकले मामा तेवढ्याच जोरात गरजले, "आवळतोच हाय ना, दादा!"

मी माझं भटजीपण संपलं असं समजून दोन पावलं मागे सरलो. बोल्ट आवळला गेला, केसभरच. आतून बारीकसा 'कुच्च' असा आवाज आला. मामांचा चेहरा उजळला. "आता सोड!" ते ओरडले.

धाकल्या मामांनी सोडलं. म्हणजे बोल्ट नव्हे. त्यांनी दांडाच सोडून दिला.

मूठ गर्रकन फिरली, मामांचा तोल गेला आणि ते मागच्या मागे पाटातल्या चिखलात बसले. पंपातून थेंब थेंब गळून तेवढ्याच जागी चिखल राहिला होता, तो नेमका मामांच्या वाट्याला आला. "येडा काय तू!" मामा चिखलातून ओरडले. "सोड म्हंजे बोल्ट सोड! हात सोडाया कोनी सांगितला?"

'येडा' हा शब्द नऊ वर्षांनी पुन्हा आला होता. धाकले मामा उभे राहिले. "मग तसं बोलायचं होतं!" ते म्हणाले. "तुझं बोलनं मला कदी धड कळलंय? तुझं सोड म्हंजे धर! तुझा डिसमिस म्हंजे पेचकस! मी काय करायचं, दादा?"

तो शब्द त्या घरात नऊ वर्षं कुणी उच्चारला नव्हता. मामांनी एकदा भावाकडे बघितलं, एकदा चिखलात रुतलेल्या आपल्या हातांकडे. मग त्यांच्या पोटातून कसलासा आवाज यायला लागला. मला वाटलं रडतात की काय. ते हसत होते. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग सगळाच माणूस. धाकले मामा आधी रागाने बघत होते, मग तेही त्याच चिखलात फतकल मारून बसले आणि डोळे पुसत हसायला लागले. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "तू नेलेली ती केळी. सगळा घड साहेबानं घरी नेला. मला एकबी दिलं नाय." धाकले मामा म्हणाले, "मला रोज वाटायचं, तू खाल्लीस का नाय." मला तिथे उभं राहवेना. मी उगाचच विहिरीत वाकून पाणी किती आहे ते बघत बसलो.

खुंटा मोडला नव्हता. त्या गर्रकन फिरण्यात बोल्ट पाव फेरा सुटला होता. उरलेला दोघांनी मिळून काढला, संगती. मामांनी पंप आतून साफ करून पुन्हा बांधला आणि त्याच दिवशी चार वाजता त्याने पाणी ओढलं. पाटातून पाणी वेलींच्या बुडाशी पोचेपर्यंत दोघे भाऊ त्याच्या बरोबरीने चालत गेले. जाताना दोघे मोठमोठ्याने भांडत होते, पंप असा कोरडा ठेवायचा असतो का यावर. मनोरच्या मिस्त्रीला नको म्हणून निरोप गेला. मामी पुढच्याच आठवड्यात बोईसरचं बिऱ्हाड आवरून एडवणला आल्या, सोबत भिंतीला उभे राहणारे चार सदरे.

मामांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते गेले त्या वर्षीच्या हिवाळ्यात धाकले मामा पालघरला आले. हातात पुड्यांचा तो जुना डबा होता. "उगडत नाय," ते म्हणाले. "खारं वारं लागलंय. दुसऱ्या कोनाच्या हातात द्यायची हिंमत होत नाय." मी डबा घट्ट धरला. त्यांनी झाकणावर तळवा ठेवला, आणि दोघांच्याही मनात तेच आलं. त्यांनी झाकण आधी केसभर आवळलं. मग ते अलगद सुटलं.

आत पुड्याच पुड्या. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालेलं, पण वाचता येत होतं. माझ्या चष्म्याचा मुगाच्या डाळीएवढा स्क्रूही निघाला: 'जावईबापू, डावी काडी, सोडला मी.' सोडला मी, सोडला मी, सोडला मी. आणि सगळ्यात तळाशी एक जड पुडी. ती हिने उघडली. आत तुटका बोल्ट होता. पुडीवरचं हिने मोठ्याने वाचलं: 'एडवण, विहीर, सोडला धाकल्याने.'

धाकल्या मामांनी पुडी हिच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "खोटं लिवलंय त्यानं. मी हात सोडला होता."

हिने पदराने डोळे पुसले. त्यांनी बोल्ट पुडीत बांधला, पुडी डब्याच्या तळाशी ठेवली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. मी झाकण फिरवायला लागलो तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"जास्त नका आवळू," ते म्हणाले. "परत उगडायचा हाय."